तीन कोटेशनं आणि एक बॅटरी

एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी एकतीस वर्षं काढली. एवढ्या काळात मी घरासाठी काय खरेदी केलं, असं आमच्या सौभाग्यवतींना विचाराल तर त्या एका छत्रीचं नाव घेतील, आणि ती गळत होती हे सांगायला विसरणार नाहीत. पण कारखान्यासाठी मी टाचणीपासून क्रेनपर्यंत सगळं घेतलं, आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचणीदेखील घेतली नाही. त्यामुळे ओहायोला लेकीकडे गेलो असताना जावईबापू जेव्हा म्हणाले, "बाबा, एक प्रेस घ्यायचाय, जरा सल्ला द्याल?" तेव्हा निवृत्तीनंतर प्रथमच माझी मान ताठ झाली.

"वाफेची घ्या," मी म्हणालो. "कॉलर छान बसते."

त्यांना इस्त्री नको होती. त्यांना काडतुसं भरायचा प्रेस हवा होता. मी जवळच्या खुर्चीवर बसलो.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्यावाचून घरी काडतूस करायला बसलात तर पुढची काही वर्षं सरकारी जेवण ठरलेलं. तिकडे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची म्हटलं तर लागतो. जावईबापू शनिवारी क्लबात जाऊन .३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरनं कागदाला भोकं पाडतात. माणूस अत्यंत सौम्य. घरात झुरळ निघालं तर लेकीला हाक मारतात.

ते कॅटलॉग माझ्यापुढे टाकून गेले आणि मी अभ्यासाला लागलो. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन भाग कामी येतात; पुंगळी, म्हणजे त्यातली सगळ्यांत महाग वस्तू, मागे उरते. ती पुन्हा भरायची. आधी जुना प्रायमर काढून पुंगळी मापात दाबायची, मग नवा प्रायमर, मग मोजून दारू, मग गोळी. प्रत्येक कामाला वेगळा साचा. दांडा ओढला की पुंगळी वर जाऊन साच्यात शिरते. थोडक्यात हा आपला सोऱ्याच. शेवेची चकती वेगळी, चकलीची वेगळी.

या साच्यांचे आटे बहुतेक सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलेत : सात-अष्टमांश इंच, इंचाला चौदा. एकाचा साचा दुसऱ्याच्या यंत्रात बसतो! एका कंपनीचा नट दुसरीच्या बोल्टला लागावा म्हणून ज्यानं आयुष्यभर पत्रव्यवहार केला, त्यालाच हे वाचून गहिवरून येईल.

कोटेशन पहिलं : एकेरी यंत्र. एका वेळी एकच साचा. पन्नास पुंगळ्या एका साच्यातून काढायच्या, साचा बदलायचा, पुन्हा त्याच पन्नास. तासाला पन्नास-साठ काडतुसं झाली तर खूप. यातलं जुनं घराणं आरसीबीएसचं. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या अंगाला ते सुरू केलं. म्हणजे माझा इस्त्रीचा अंदाज अगदीच वाया गेला नव्हता. त्यांचं 'रॉक चकर' यंत्र म्हणजे ओतीव लोखंडाचा इंग्रजी 'ओ'. बापानं घेतलं तर नातू वापरेल असं. यांत्रिक करामत मात्र शून्य.

कोटेशन दुसरं : टरेट. सगळे साचे वरच्या फिरत्या चकतीत बसवलेले. पुंगळी जागची हलत नाही, साचेच फिरून तिच्याकडे येतात. मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखं. तासाला दीड-दोनशे. विस्कॉन्सिनच्या ली कंपनीचं यातलं यंत्र स्वस्त आणि मस्त. याच रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये यंत्रावाचून नुसत्या हातोडीनं ठोकून काडतूस भरायची एक डबी काढली होती. तिचं कोटेशन मी मागवलं नाही. हातोडी आणि प्रायमर एका वाक्यात आले की मला छत्री आठवते.

कोटेशन तिसरं : प्रोग्रेसिव्ह. खाली फिरती थाळी, तीत चार-पाच पुंगळ्या, वर चार-पाच साचे. एकदा दांडा ओढला की एकीत प्रायमर, दुसरीत दारू, तिसरीत गोळी, आणि एक तयार काडतूस टोपलीत टप्प. तासाला चारशेच्या वर. काहींची थाळी हातानं फिरवायची, काहींची आपोआप फिरते. ॲरिझोनाचे डिलन आणि नेब्रास्काचे हॉर्नडी ही यातली मातब्बर मंडळी. किंमत एकेरीच्या तिप्पट-चौपट. यंत्र म्हणून देखणंच आहे. पाहत बसावंसं वाटतं, आणि गोम तिथेच आहे.

कॅटलॉगचं वाङ्मय वाचताना मला एक जाणवलं. त्यात एकच रस आहे, वेग. तासाला किती, मिनिटाला किती. दुसरा, दुय्यम रस म्हणजे बचत. बचतीचं म्हणाल, तर काडतूस स्वस्त पडतं हे खरं, पण मग माणूस दुप्पट बार उडवतो. सोऱ्या घरात आला म्हणून चकल्यांवरचा खर्च कमी झालेलं घर माझ्या तरी पाहण्यात नाही.

जावईबापूंचा जीव तिसऱ्यावर. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पोराचा अभ्यास; त्यांना वेळ वाचवायचा होता. त्यांच्या एका मित्राकडे तसलं यंत्र होतं, ते पाहायला आम्ही रविवारी गेलो. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण दोष यंत्राचा नव्हताच. दोष माझा होता.

गॅरेजमध्ये दोघं रंगले होते. टोपलीत दीडशेच्या वर काडतुसं. मी आतून चहाचा ट्रे घेऊन गेलो. त्या टेबलापाशी खायचं-प्यायचं नसतं, जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. तशी पाटीही होती. पण मराठी माणूस चहा देताना पाटी वाचत नाही. "घ्या, गार होतोय," मी म्हणालो. दोघं वळले, दोन घोट घेतले, पुन्हा कामाला लागले. दहाबारा काडतुसं झाल्यावर मित्र थबकला.

"मघाशी थाळी फिरवली होतीस ना?"

"मला वाटलं, तू फिरवलीस."

थाळी फिरली नसेल तर एका पुंगळीत दोनदा दारू पडली. माणसाच्या पोटात दोनदा पडली तर तो फार तर गाणं म्हणतो. इथे रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. आणि .३८ स्पेशल १८९८ सालचं, काळ्या, फुगीर दारूच्या जमान्यातलं, पुंगळी ऐसपैस. आजची दारू तिच्या तळाशीच राहते, दुप्पट पडली तरी वर सांडत नाही. अजिबात पडली नाही तर वेगळीच तऱ्हा : नुसत्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार तिच्यावर जाऊन आदळतो.

मी म्हटलं, वजन करा. तेही होईना. पुंगळ्या-पुंगळ्यांच्या वजनातच एवढा फरक असतो की चिमूटभर दारू त्यात लपून जाते. शेवटी सगळी फोडायला बसलो. हातोडीसारखं प्लॅस्टिकचं अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं, की गोळी सुटते. रात्री साडेदहाला, एकशे सदतिसाव्या खेपेला, दुप्पट दारू निघाली. कोणी बोललं नाही. जावईबापू आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. त्याच हाताला धरून नातू शाळेत जातो.

माझ्या तुलनात्मक तक्त्यात शेवटचा रकाना नेहमी 'शेरा' असे. त्या रात्री लिहिला तो असा : यंत्र तासाला किती भरतं हे विचारू नये. आपलं लक्ष घटकाभर उडालं तर ते यंत्र आपल्याला कुठे थांबवतं, हे विचारावं. प्रोग्रेसिव्हला दारूची पातळी पाहून ओरडणारा पहारेकरी बसवता येतो, आणि दिवसाला शेकडो बार उडवणाऱ्या, चित्त ठिकाणावर असलेल्या माणसाला तेच योग्य. आठवड्याला पन्नास बार उडवणाऱ्या, नऊ वाजता जांभया देणाऱ्या आणि चहावाला सासरा घरी असलेल्या माणसाला एकेरीच हवं. त्यात दारू भरल्यावर पन्नासही पुंगळ्या एका फळीत ओळीनं उघड्या उभ्या असतात. गोळी बसवायच्या आधी वरून बॅटरी मारायची : एकीतही पातळी वर नाही, खाली नाही, रिकामी एकही नाही. कॅटलॉग ज्याला संथपणा म्हणून नाक मुरडतात, तो हा उजेड पाडायला मिळालेला वेळ.

सगळ्यांत कमी किमतीचं कोटेशन मान्य झालं. मुक्काम संपेपर्यंत बॅटरी मारायचं खातं माझ्याकडे होतं. एकतीस वर्षं 'माल तपासून घेतला' असा शिक्का मारला. खरं सांगतो, एवढा वाकून माल कधी पाहिला नव्हता.

आता मी पुण्यात. काम चालू असताना फोन घरात ठेवायचा, ही अट मीच घातलीय. काम संपलं की फोन येतो.

"बाबा, पन्नास झाली."

"बॅटरी?"

"मारली. दोनदा."

"हात धुवा," मी म्हणतो, "आणि आता चहा घ्या."