माउली, मसीहा आणि आमची मराठी

मराठी कवितेतील ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला की अभ्यासक फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून सुरुवात करतात. ते योग्यच आहे. पण पुराण ग्रंथाच्या उंचीवरून बोलते. श्रद्धा चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी कशी नांदते हे पाहायचे, तर आम्हाला रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई यांच्याकडेच जावे लागते.

टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग दुरावले, पत्नीही काही वर्षे वेगळी राहिली. धर्म बदलला, पण भाषा बदलली नाही. भाषांतरित गीतांत आणि परक्या चालींत मराठी मन रमत नाही, हे त्यांनी ओळखले आणि अभंग, ओवी, कीर्तन ही घरचीच शिदोरी बरोबर घेतली. ‘अभंगांजली’त ख्रिस्त त्यांना आई म्हणून, गुरू म्हणून भेटतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्याचे बोट त्यांनी सोडले नव्हते. त्यामुळे कृपा हा शब्द त्यांच्याकडे शास्त्रातला राहत नाही. मूल रडले की आई धावते, इतका तो साधा होतो.

अर्थात सगळ्याच रचना या तोलाच्या नाहीत. प्रचारक पुढे आला की कवी मागे सरतो आणि अभंगाचा उपदेश होतो. उलट ‘केवढे हे क्रौर्य’ या शाळेपासून आमच्या ओळखीच्या कवितेत ख्रिस्ताचे नावही नाही. घायाळ पक्षीण पिलांपर्यंत कशीबशी पोहोचते, एवढेच आहे. आणि तरी करुणा म्हणजे काय ते कळते.

टिळकांच्या या कृपेची किंमत ‘स्मृतिचित्रे’त कळते. कवीच्या हाती पैसा टिकत नसे. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाई सोसत आणि वर हसत. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण केवळ नवऱ्याच्या मागे जायचे म्हणून नव्हे. विटाळाची भिंत त्यांनी स्वतःच्या विचाराने पाडली होती. आमच्या मते ख्रिस्ती कृपेचा मराठीतील सर्वांत खरा पुरावा त्या गद्यात आहे.

आम्ही मुसलमानांनी हे का वाचावे? हजरत ईसा आमचेही पैगंबर. कुरआनात मरियमच्या नावाची सूरह आहे. ईश्वरपुत्रत्व आम्ही मानत नाही, क्रूसाबद्दलही आमची श्रद्धा वेगळी आहे. हा मतभेद झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक कामाची सुरुवात रहमान आणि रहीम या नावांनी करणाऱ्यांना कृपा परकी कशी वाटेल? अरबीत रहमत आणि गर्भाशय या दोन्हींचे शब्द एकाच धातूचे आहेत. अल्लाहला आम्ही आई म्हणत नाही. पण तो बंद्यांवर आईहूनही अधिक मेहेरबान आहे, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकतो.

टिळक कुटुंब ज्या राहुरीत राहिले, त्याच तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदा आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद तिथले. म्हणजे मराठीत आपली श्रद्धा मांडण्याचा रस्ता आमच्याच माणसाने टिळकांच्या कितीतरी आधी मळला होता. मग आम्ही तो का सोडला? १९९० च्या सोलापूर संमेलनापासून आमच्या लेखकांनी दंगली, तलाक, गरिबी आणि वाट्याला येणारा संशय यांवर लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण फजरच्या अजानला जागे होणारे अंगण, इफ्तारच्या खजुरीसाठी थांबलेली पोरे, परगावी निघालेल्या लेकावर दुआ पढून फुंकर घालणारी अम्मी, हे मराठी कवितेत किती आले? घरात मराठी बोलायची आणि दुआ मात्र या भाषेला जमणार नाही असे समजायचे, हा आमचा संकोच आहे. टिळकांनी तो टाकला, म्हणून त्यांची भजने मराठी ख्रिस्ती प्रार्थनांत आजही गायिली जातात. आमच्या अम्मीची दुआही मराठीत यायला हवी.