‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतर
नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा आरंभ १८९३ मधील नागपूर–राजनांदगाव रेल्वेप्रवासात मिळालेल्या ‘नव्या करारा’पासून सांगितला जातो. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगरचनेने मराठी ख्रिस्ती उपासनेस संतपरंपरेचे वळण दिले, हे निर्विवाद होय. परंतु त्या अभंगांत धर्मांतर हा भक्त आणि ख्रिस्त या दोघांपुरताच प्रश्न राहतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) तोच प्रश्न चूल, पाणी आणि दुरावलेले आप्त यांपर्यंत येऊन पोहोचतो. पतीकडे परतल्यावरही त्या सोवळे सांभाळीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधील. हा मधला काळच ग्रंथाचे मर्म होय. श्रद्धेइतकीच पंगतही ख्रिस्ती मंडळीच्या घडणीस कारण होते, हे टिळकांच्या काव्यापेक्षा या गद्याने अधिक स्पष्टपणे दाखविले आहे.