'बसा' : आसन देण्याचे व्याकरण

'बस', 'बसा' आणि 'बसावे' ही तीन रूपे मराठीच्या विद्यार्थ्याला व्याकरणात शेजारीशेजारी भेटतात. पहिले आज्ञार्थी एकवचन, दुसरे अनेकवचन, जे आदरासाठीही योजतात, तिसरे विध्यर्थी. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत क्रियापदाच्या रूपांची चिकित्सा मोठ्या साक्षेपाने झाली. तिच्यावरून विद्यार्थी असा ग्रह करून घेतो की, प्रत्ययाची पायरी चढली म्हणजे आदराचीही चढली. हा ग्रह तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण दारी आलेल्यास बसावयास सांगताना मराठी माणूस आदराचा भार प्रत्ययावर फारसा टाकीतच नाही.

ही गोष्ट कोरियन भाषेशी ताडून पाहिली असता स्पष्ट होते. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना उभा असल्याने ही तुलना आता केवळ ग्रंथालयातली राहिलेली नाही. कोरियनमध्ये मित्राला वा धाकट्याला 'आन्जा', सामान्य सौजन्याने 'आन्जायो', वडीलधाऱ्यास 'आन्जुसेयो' आणि औपचारिक प्रसंगी 'आन्जुशिप्शियो' म्हणतात. तेथे बसणाऱ्याविषयीचा आदर 'शि' या मध्यवर्ती चिन्हाने दाखविला जातो ('सेयो'मध्ये ते मिसळून गेलेले असते) आणि ऐकणाऱ्याशी राखावयाचे सौजन्य अखेरच्या प्रत्ययाने. मराठीत ही दोन्ही कामे एकट्या अनेकवचनाला करावी लागतात. यावरून मराठी आदरात दरिद्री आहे असे अनुमान काढणे घाईचे होईल. तिने आदर दुसरीकडे ठेवला आहे इतकेच.

तो कोठे, हे पाहावयाचे तर भीमाकाठच्या मांडवगण फराटा यासारख्या गावाच्या ओसरीवर जावे लागते. पाहुणा उंबऱ्याशी येतो. यजमान 'या, या' म्हणतो, आणि लगेच मान आत वळवून हाक देतो : 'अगं, पाहुण्यांना बसायला टाक.' घोंगडी वा सतरंजी अंथरली जाते, मग 'बसा की.' येथे आदराचे खरे वाक्य पाहुण्याला उद्देशून उच्चारलेलेच नाही. ते तिसऱ्या व्यक्तीला केलेल्या आज्ञेच्या रूपाने आले आहे, आणि तेही उघड एकवचनी आज्ञार्थात! 'टाक' या रूपात आदराचा लवलेश नाही. तरी त्या ओसरीवर पाहुण्याचा मान त्यानेच राखला. मागाहून आलेल्या 'बसा'ला 'की' जोडलेला असतो. त्या एका अव्ययाने आज्ञेचा आग्रह होतो. उलट काहीही न अंथरता म्हटलेले 'बसावे' कितीही विध्यर्थी असले तरी कोरडेच वाटते.

पाहुण्याचा वाटाही लक्षात घेतला पाहिजे. 'असू द्या, इथंच टेकतो,' असे तो एकदा तरी म्हणतोच. संस्कृत वैयाकरणांनी ही जागा फार पूर्वी हेरली होती. पाणिनीने लिङ्‌चे अर्थ सांगताना निमंत्रण आणि आमंत्रण हे निराळे मोजले. ज्यात ऐकणाऱ्याला इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक असते ते आमंत्रण, असा भेद टीकाकारांनी केला, आणि 'काशिके'ने त्यासाठी उदाहरण घेतले तेही आपण येथे बसावे अशा आशयाचेच. मराठी व्याकरणाने रूपे घेतली. हा विवेक मात्र पुरेसा उचलला नाही.

आसन शब्दाहून मोठे, याची साक्ष भाषेच्या इतिहासातही आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामी जेथे बसले त्या जागा 'आसन' म्हणून नोंदविल्या आहेत. आजही पाहुण्यांच्या आदरातिथ्याला मराठी माणूस 'ऊठबस' म्हणतो.

परंतु या व्यवस्थेची खरी परीक्षा जेथे आसन नाकारले गेले तेथे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मपर टिपणांत शाळेतील जो अनुभव नोंदविला आहे, तो येथे डावलता येत नाही. त्यांना वर्गात तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. शाळेचा नोकर त्या तरटाला शिवत नसल्याने ते रोज संध्याकाळी घरी न्यावे लागे व दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. बसण्याची मुभा होती. 'टाक' म्हणणारे कोणी नव्हते. व्याकरणाच्या दृष्टीने 'बस' आणि 'बसा' यांत वचनाचे अंतर आहे. समाजाच्या दृष्टीने मोठे अंतर दिलेले आसन आणि आपले आपण वाहून आणलेले आसन यांत आहे. गावगाड्यात ज्यांना ओसरीची पायरी चढू दिली जात नसे त्यांच्या वाट्याला 'बसायला टाक' हे वाक्य येत नसे, ही वस्तुस्थिती प्रत्ययांच्या कोष्टकातून कधीच दिसणार नाही. आदरार्थी अनेकवचनाचे विवेचन या प्रयोगाला वगळून केले, तर भाषेतील सौजन्य सर्वांना सारखेच खुले होते असा खोटा भास निर्माण होतो. रूपविचार चुकीचा आहे असे नव्हे. तो दाराच्या बाहेर थांबतो.

कोरियातही वस्तूला स्थान आहेच. जमिनीखालून ऊब देणाऱ्या जुन्या घरांत चुलीकडची उबदार जागा, 'आरेन्मोक', वडीलधाऱ्यांसाठी व पाहुण्यांसाठी राखीत. मात्र तेथील भाषेने प्रत्ययही तितकाच जागता ठेवला, हा फरक उरतो.

एस.टी.त तर शब्दाची गरजही संपते. उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला पाहून तरुण उठतो. उठणे हेच आसनदान. 'बसा, आजी' हे त्यानंतरचे. न उठता उच्चारलेले तेच शब्द थट्टा ठरतील.

घोंगडीची जागा आता प्लॅस्टिकच्या खुर्चीने पुष्कळ घरांत घेतली आहे. त्यामुळे 'टाक' जाऊन 'खुर्ची आण रे' आले. क्रियापद पालटले, वाक्याची घडण पालटली नाही : मान पाहुण्याला, आज्ञा घरातल्या कोणाला तरी. ती बहुधा मुलाला किंवा घरातील स्त्रीला असते. आणि खुर्ची आणून ठेवणारी स्त्री पुष्कळदा स्वतः चौकटीशी उभीच राहते.