स्मृतिनृत्याची कसोटी

दिवंगत सहचराच्या स्मृतीस एकल नृत्य अर्पावे काय? उपोसथशीलात नृत्य वर्ज्य आहे हे खरे; तथापि महापरिनिब्बानसुत्तानुसार कुसिनाऱ्याच्या मल्लांनी तथागतांच्या पार्थिवाचा सत्कार नृत्यगीतांनीच केला.

लोणावळ्यानजीक मावळातील भाजे लेण्यांत दोन्ही वृत्ती एकाच डोंगरात नांदतात. एका विहाराच्या भिंतीवर वाद्याच्या साथीने नाचणारी स्त्री कोरली आहे. तेथेच दिवंगत स्थविरांचे १४ स्तूप आहेत: ५ आत, ९ बाहेर. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी मोजकीच नावे त्यांवर आढळतात. शोकाचा उच्चार कोठेही नाही. म्हणूनच त्या स्थविरांची उणीव आजही जाणवते.

स्मृतिनृत्य याच कसोटीवर पारखावे. नर्तकाच्या शोकाने अवघा रंगमंच व्यापला, तर दिवंगताला जागा उरत नाही आणि आदरांजली अपुरी राहते.