‘काम प्रगतिपथावर आहे’ या वाक्याविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस बाजाराच्या बांधकामावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मला सळईतलं कळत नाही, स्लॅबमधलं कळत नाही. मी बोलणार आहे ते एका वाक्यावर. बांधकामाच्या जागेला पत्र्याचं कुंपण असतं, त्यावर लिहिलेलं असतं : ‘काम प्रगतिपथावर आहे’. आपण ते रोज वाचतो आणि पुढे जातो. मला त्या वाक्यापाशी जरा थांबायचंय, कारण शहराच्या बाजाराबद्दल आपण जे काही बोलतो, त्यातलं बरंचसं या वाक्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ मध्ये नाव बदललं. जिभेला अजून थोडा वेळ लागतोय, चालायचंच. मलिक अहमदनं वसवलेलं हे गाव. इथल्या जुन्या पेठेतली नावं बघा. कापड बाजार, मोची गल्ली, घास गल्ली, दाळमंडई, आडते बाजार. यातलं एकही नाव इमारतीचं नाही. सगळी नावं माणसं तिथे काय करत होती त्यावरून पडली आहेत. घास गल्लीत आज कुणी घास विकत नाही, पण कधी काळी तिथे काय चालायचं ते नावानं धरून ठेवलंय. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी बाजार हे एक चालणारं काम होतं. वास्तू नंतर आली. कधी आलीच नाही.

आता चितळे रस्त्यावर या. तिथे नेहरू मार्केट होतं. इथे बसलेल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं तिथून भाजी नेली असेल. जुनी वास्तू पाडली गेली, त्या जागी नवं व्यापारी संकुल व्हायचं ठरलं, आणि मग वर्षांमागून वर्षं गेली. जागा मोकळी, आणि भाजीवाले बाहेर रस्त्यावर. कुणाची चूक, कुठल्या ठरावात काय अडकलं, हे सांगणं माझं काम नाही. वर्तमानपत्रांनी ते पुष्कळ सांगितलंय. मला त्या मोकळ्या जागेविषयी बोलायचंय, कारण आमच्या शास्त्रात मोकळ्या जागेविषयी फार बारकाईनं बोलून ठेवलेलं आहे.

न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. एखादी गोष्ट नसणं, हेही एक काहीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार येतात. त्यातले दोनच आज घेऊ. घट घडण्यापूर्वी घट नसतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घट तयार झाला की तो संपतो. आणि घट फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटला तो घट पुन्हा येत नाही. दुसरा येईल, तो येणार नाही.

आता बाजार पाडून रिकाम्या ठेवलेल्या कुठल्याही जागेवर उभं राहून बघा. तिथे हे दोन्ही अभाव एकाच वेळी आहेत. नव्या संकुलाचा प्रागभाव आणि जुन्या बाजाराचा प्रध्वंसाभाव. डोळ्यांना एकच रिकामा प्लॉट दिसतो. ‘प्रगतिपथावर’ हा शब्द फक्त पहिल्याचं नाव घेतो. अजून नाही, पण होणार आहे. जिचा ओटा गेला त्या बाईचा अनुभव दुसऱ्या प्रकारचा असतो. होता, आता नाही. ती जेव्हा ‘आमचं मार्केट गेलं’ म्हणते आणि अधिकारी जेव्हा ‘तुमचं मार्केट होतंय’ म्हणतात, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघं दोन वेगळ्या अभावांविषयी बोलत असतात, म्हणून संवाद होत नाही.

आणखी एक पायरी आहे, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. नैयायिक म्हणतात, नुसता अभाव असं काही नसतं. अभाव कशाचा ते सांगावं लागतं. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. ‘जमिनीवर नाही’ हे वाक्य अपुरं आहे, काय नाही? घट नाही, की कापड नाही? मग त्या रिकाम्या जागेत काय नाही, हे चार माणसांना विचारा. महसूल बघणारा म्हणेल, गाळ्यांचं भाडं नाही. चारचाकीवाला म्हणेल, पार्किंग नाही. ग्राहक बाई म्हणतील, भाजी घ्यायला चिखल नसलेली जागा नाही. आणि विकणारी म्हणेल, माझी बसायची जागा नाही. जागा तीच, अभाव चार. आराखडा काढणारा माणूस यातला एक प्रतियोगी निवडतो, बाकीचे सोडतो, आणि त्या निवडीला कुणी निवड म्हणत नाही. तिला ‘विकास’ म्हणतात. माझी टीका आहे ती इथे आहे.

बरं, प्रगती मोजतात कशी? सरकारी कामात दोन आकडे असतात, भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती. किती काम झालं आणि किती पैसे खर्च झाले. अभियंत्याची मोजमाप पुस्तिका असते, ‘एम. बी.’ म्हणतात तिला. जोतं झालं, पहिला स्लॅब पडला, वीटकाम झालं, गिलावा झाला. प्रत्येकाचं माप घ्यायचं, त्यावरून बिल काढायचं. ही पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे कंत्राटदाराला न केलेल्या कामाचे पैसे घेणं अवघड जातं. पण ही पुस्तिका वस्तूचं माप घेते. इमारत नव्वद टक्के झाली, तर बाजार किती टक्के झाला? वीजमीटर नाही, पाणी नाही, गाळ्यांचा लिलाव नाही, तर तो शून्य टक्के झालाय. आणि उलटंही होतं. पत्राही न ठोकता, नुसत्या पोत्यावर बसलेल्या तीस बायका आणि त्यांच्याभोवती घासाघीस करणारी गर्दी असेल, तर तो बाजार शंभर टक्के पूर्ण आहे.

ॲरिस्टॉटलनं हा फरक फार छान केलाय. घर बांधणं ही अशी क्रिया आहे की ती चालू असते तोवर अपुरी असते आणि पुरी झाली की थांबते. पाहणं मात्र तसं नाही. पाहायला लागलात की पाहणं त्याच क्षणी पूर्ण असतं. बाजार भरणं हे दुसऱ्या जातीचं आहे. सकाळी सातला भरला तेव्हाही पूर्ण, दहाला गर्दी झाली तेव्हाही पूर्ण. त्याची टक्केवारी निघत नाही. आमची मराठी दफ्तरी भाषा याबाबतीत चलाख आहे बरं का. इमारत पुरी झाल्यावर जो दाखला मिळतो त्याला आपण काय म्हणतो? भोगवटा प्रमाणपत्र. भोग! उपभोग घेता येतो की नाही, ही शेवटची कसोटी त्या शब्दातच ठेवलेली आहे. फक्त भोगवटा कुणाचा, हे प्रमाणपत्रावर लिहीत नाहीत.

अथेन्सचं एक उदाहरण देतो, थोडक्यात. तिथल्या अगोरामध्ये पर्गमनचा राजा दुसरा अटॅलस यानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुमजली दालन बांधलं. खाली एकवीस दुकानं, वर एकवीस. बाहेर खांबांची सावली, लोक फिरताहेत, खरेदी करताहेत; आज ज्याला उघड्यावरचं शॉपिंग म्हणतात तेच ते. पुढे ते उद्ध्वस्त झालं. १९५३ ते १९५६ या काळात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी ते हुबेहूब पुन्हा उभारलं. काम अप्रतिम आहे. आत वस्तुसंग्रहालय आहे. कांदे मिळत नाहीत.

आता संकल्पचित्राकडे वळू. समीक्षा म्हटली की कलाकृती हवी, आणि कुंपणावरचं ते रंगीत चित्र ही आपल्या काळातली सगळ्यात जास्त बघितली जाणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी कलाकृती आहे. कुठल्याही गावातलं घ्या. झाडं पूर्ण वाढलेली. ऊन नाही, पण प्रकाश आहे. विजेची एकही तार नाही. टेबलाभोवती लोक कॉफी पीत बसलेत, हातात कागदी पिशव्या आहेत. या चित्रात पाटी डोक्यावर घेतलेली बाई मला आजवर दिसलेली नाही. हातगाडी नाही. गाडीशेजारी उभं राहून खाणारा माणूस नाही. लहान मूल आहे, पण त्याच्या हातात फुगा आहे. आईच्या गाडीखाली झोपलेलं मूल नाही. चित्रकाराला दोष देत नाही मी, त्याला संगणकात मिळतात ती माणसं तो लावतो. पण मंजुरी देणारे हे चित्र बघून मंजुरी देतात. चित्रात जो नाही तो गाळ्यांच्या यादीतही नसतो, याचं मग आपल्याला आश्चर्य वाटू नये.

या वादाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पुण्याची मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती रे मार्केट. अष्टकोनी मनोरा, दगडी काम, देखणीच आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या मंडईवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, असं त्यांचं म्हणणं. इथे आपण गडबडीनं म्हणतो, फुले बांधकामाच्या विरोधात होते. छे! ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. घराणं फुलांच्या धंद्यातलं. चुना कळणारा आणि बाजार कळणारा असा माणूस त्या सभेत दुसरा क्वचितच असेल, आणि नेमका तोच विचारत होता, की हा खर्च कुणासाठी. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं, त्याचंही अधिकृत नाव आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. दोन मंडयांना नाव दिलं आपण. त्यांचा प्रश्न मात्र कुठल्या कोनशिलेवर घेतला नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर मी नुसता जुन्याचं कौतुक करणारा म्हातारा ठरेन. रस्त्यावरच्या बाजारात रोमँटिक काही नाही. दिवसभर बसणाऱ्या बाईला लघवीला जायला जागा नसते, म्हणून ती पाणी पीत नाही. उन्हाळ्यात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. रुग्णवाहिका अडकते. पावसात काय होतं ते सांगायला नको. तेव्हा बांधू नका असं मी म्हणत नाही, बांधा. पण भाजी पहिल्या मजल्यावर विकली जात नाही, हे कुठलीही भाजीवाली सांगेल. दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी जिना कुणी चढत नाही. तळमजला मोठ्या दुकानांना, कारण तिथे अनामत जास्त येते, आणि ओटे वर किंवा मागे, अशी मांडणी केली की ओटे रिकामे राहतात, विकणारे पुन्हा रस्त्यावर येतात, आणि मग आपणच म्हणतो, बघा, यांना सोय दिली तरी बसत नाहीत.

खाण्यापिण्याच्या गल्ल्यांबाबत सरकारला हे थोडं उमगलंय असं दिसतं. २०२३ मध्ये केंद्रानं देशभर शंभर खाद्यगल्ल्यांसाठी प्रत्येकी एक कोटीची योजना काढली. पैसे कशाला? पिण्याचं पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह, फरशी, कचरा, दिवे. मोठी इमारत त्यात नाही. माणसं जिथे आधीच खातात तिथे पाणी आणा, एवढा साधा विचार. आपल्याकडे सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकात संध्याकाळी गाड्या लागतात. त्या जागेला अजून काय हवंय याची यादी तुम्ही आत्ता बसल्याबसल्या करू शकाल. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करतात. एक दिवस. एक वीट न रचता तिथे लोक चालतात, खरेदी करतात, मुलं रस्त्यावर खेळतात.

कायद्याचं एक सांगतो आणि थांबतो. पथविक्रेता अधिनियम २०१४ चा आहे. शहर पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका, असं त्यात आहे. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण. हलवायचं ते शेवटचा उपाय म्हणून. आणि ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चाललीय, तो वारसा बाजार जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्याच्या अनुसूचीत आहे. ‘नैसर्गिक बाजार’ हा शब्द कायद्याचा आहे, माझा नव्हे. आपल्या पेठेतल्या किती जागा या व्याख्येत बसतील, ते कुणी तरुण अभ्यासकानं मनावर घ्यावं. पीएच.डी. होणार नाही कदाचित, पण काम होईल.

माझी मागणी अगदी लहान आहे. बाजाराच्या कामाच्या पाटीवर अंदाजपत्रकाची रक्कम, मुदत आणि कंत्राटदाराचं नाव असतं. त्याखाली तीन ओळी वाढवा. पाडण्यापूर्वी इथे किती जण विकत होते. आज ते कुठे बसतात. नव्या जागेत त्यांच्यापैकी कितींना तळमजल्यावर जागा ठरली आहे. महिन्याला एकदा आकडे खडूनं बदलले तरी चालतील, डिजिटल फलक नको.

प्रश्न घेऊ आता. मागच्या रांगेतल्या त्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, पहिला माईक त्यांच्याकडे द्या.