पळस्प्याचे ध्रुपद, खालापूरचा पखवाज

पळस्पे फाट्याला मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे रस्ते वेगळे होतात. पुण्याकडे निघाले की चौक येते. तिथून डावीकडे कर्जत, सरळ पुढे खालापूर. याच पळस्प्यात रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) यांनी ध्रुपदाचे गुरुकुल उभे केले. शिष्याने गुरूजवळ राहायचे आणि महिनोन्महिने मंद्र सप्तकातला एकेक स्वर घासायचा, ही तिथली रीत. देशोदेशीचे विद्यार्थी त्यासाठी रायगडात आले. आसपासच्या तालुक्यांत मात्र ध्रुपदाचा श्रोता फारसा तयार झाला नाही, आणि आजच्या ध्रुपदाचे दुखणे याच ठिकाणी आहे.

डागर घराण्याचे ध्रुपद विसाव्या शतकात गाजले ते जोडीने. नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमीनुद्दीन या थोरल्या बंधूंनी 1964 मध्ये युरोपचा दौरा केला आणि तिकडच्या श्रोत्यांना आलापाची चटक लावली. दोनच वर्षांनी मोइनुद्दीन गेले. अमीनुद्दीन पुढे 2000 पर्यंत एकटे गात राहिले. धाकट्या जोडीचेही तेच झाले. फैयाजुद्दीन 1989 मध्ये वारले, तेव्हा झहीरुद्दीन यांनी फैयाजुद्दीन यांचा मुलगा वासिफुद्दीन याला शेजारी बसवले. 1994 मध्ये तेही गेल्यावर वासिफुद्दीन यांच्या वाट्याला एकल गायन आले. जोडीत एकाचा श्वास संपतो तिथे दुसरा स्वर उचलतो, त्यामुळे आलापाला खंड पडत नाही. एकट्या गायकाला प्रत्येक विराम स्वतःच भरावा लागतो. साथीदार गेला की केवळ एक आवाज कमी होत नाही, मांडणीच बदलते. जुनी ध्वनिमुद्रणे आणि आजच्या मैफली लागोपाठ ऐकल्या की हे स्पष्ट कळते.

झिया मोहिउद्दीन यांचा मार्ग निराळा होता. बीन, म्हणजे रुद्रवीणा, हे साथीला मागे राहणारे वाद्य नाही, ते स्वतंत्रपणे तासन्‌तास बोलू शकते, हे त्यांनी दाखवले. त्यासाठी कोलकात्याच्या कारागिरांकडून मोठे भोपळे आणि जाड तारा असलेली वीणा घडवून घेतली. मणी कौल यांच्या 1982 च्या ‘ध्रुपद’ या चित्रपटात ते आणि त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन दोघेही आहेत. झिया मोहिउद्दीन यांनी सिएटलच्या विद्यापीठात शिकवले, आणि तिथल्या मैफलींची काही ध्वनिमुद्रणे त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी परदेशी कंपनीने बाजारात आणली. पळस्प्यात नांदलेले संगीत रसिकाला परदेशी कंपनीकडून विकत घ्यावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्राने मनाला लावून घ्यायला हवी.

फरीदुद्दीन यांनी भोपाळच्या ध्रुपद केंद्रात एक अख्खी पिढी घडवली. 2012 मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचे शिष्य उदय भवाळकर आज पुण्यात शिकवतात, तर झिया मोहिउद्दीन यांचे पुत्र बहाउद्दीन वीणा घेऊन देशोदेशी फिरतात. कलावंत कमी नाहीत, तालीमही कच्ची नाही. कमी आहे ती जवळची बैठक.

आणि ही बैठक शून्यातून उभारायची नाही. कर्जत-खालापूरच्या गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेला वारकरी जमतात, आणि भजनाला पखवाज असतोच. डाव्या तोंडावर कणीक लावून घुमारा आणायची पद्धत भजनी मंडळातल्या पखवाजियालाही ठाऊक आणि ध्रुपदाच्या साथीदारालाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, चौताल बारांचा. पण हाताखालचे वाद्य तेच. चौतालाची सम कुठे आली हे त्या हातांना दोन-चार आवर्तनांत उमगेल. ज्यांना लय आधीच कळते अशा श्रोत्यांपर्यंत ध्रुपद का नेले जात नाही, हा प्रश्न आयोजकांना विचारायला हवा. महडच्या वरदविनायकाचा माघी उत्सव आहे, सप्ताहातली जागराची रात्र आहे. अशा ठिकाणी एक वीणा, एक पखवाज आणि तानपुरे एवढ्यावर तासाभराची बैठक होऊ शकते. मोठ्या सभागृहाचे भाडे लागत नाही. ध्वनिक्षेपक तेवढा नीट हवा, कारण मंद्रातली मींड कर्कश भोंग्यातून पोहोचत नाही.