डी४ला उत्तर काय द्यायचे?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, आणि निर्णायक डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. हंपी कोनेरूविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते, टायब्रेकचा पहिला जलद डावही. दुसऱ्या डावात हंपीने कॅटलान मांडले. दिव्याने डाव अंतिम टप्प्यापर्यंत नेला आणि घड्याळाच्या दडपणाखाली हंपी चुकली. एकोणिसाव्या वर्षी दिव्या ग्रँडमास्टर झाली, त्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला मात्र या डावातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. वजिराच्या बाजूने संथ दाब आणणाऱ्या खेळाडूसमोर काळ्याने कसे उभे राहायचे, हा आपल्याकडच्या बुद्धिबळ-शिक्षणाचा सर्वांत दुबळा भाग आहे.

पांढऱ्याने ई४ खेळले की मुलांकडे काहीतरी उत्तर असते, कारण तिथे चकमक लवकर होते आणि चूक लगेच कळते. डी४ आले की बहुतेकांना एकच साचा दिलेला असतो: घोडा एफ६, प्यादे जी६, उंट जी७, प्यादे डी६, किल्लेकोट. समोरचा काहीही खेळो, या पाच चाली होतात. हा किंग्ज इंडियन बचाव शिकवायला सोपा म्हणून शिकवला जातो, आणि माझा आक्षेप इथेच आहे. सोप्या आहेत त्या फक्त पहिल्या पाच चाली. पुढे पांढरा सगळे केंद्र बळकावून बसतो. काळ्याने ई५ खेळून डिवचले आणि पांढऱ्याने डी५ने केंद्र बंद केले, की पांढरा सी५ करून वजिराच्या बाजूने घुसतो, काळ्याला एफ५, एफ४, जी५ अशी आपल्याच राजासमोरची प्यादी पुढे लोटावी लागतात. एक चाल उशीर झाला तर डाव गेला. कास्पारोव्हसारख्या खेळाडूने १९९७ मध्ये नोवगोरोदला क्रामनिककडून हरल्यावर हा बचाव बाजूला ठेवला. तोच बचाव दहा वर्षांच्या मुलाला ‘सोपा’ म्हणून देणे मला पटत नाही.

उंट जी७वर ठेवण्याची ही मांडणी परकी मात्र नाही. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही सहसा एकच घर सरके. केंद्रात धाव घेण्याची घाई नसे, मोहरी मागून सावकाश रचली जात. कलकत्त्यात जॉन कॉक्रेनशी खेळणारा मोहेशचंद्र बॅनर्जी ही सवय युरोपीय नियमांच्या पटावर घेऊन आला. १८५५ मधल्या त्यांच्या एका डावात मोहेशचंद्रने काळ्या मोहऱ्यांनी घोडा एफ६, जी६ आणि डी५ असा क्रम खेळला. ग्रुनफेल्डने तोच क्रम १९२२ मध्ये रूढ केला आणि बचावाला त्याचे नाव मिळाले. ‘इंडियन’ म्हणवल्या जाणाऱ्या बचावांमागे हा बंगाली खेळाडू उभा आहे. आपल्या पुस्तकांत तो जेमतेम एका ओळीत येतो, याचे मला वाईट वाटते.

तरीही वारसा आपला म्हणून बचाव आपला होत नाही. निवड कशी करावी, हे विश्वनाथन आनंदच्या जगज्जेतेपदाच्या दोन लढतींतून जितके स्पष्ट कळते तितके कुठल्याही ओपनिंगच्या कोशातून कळत नाही. २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्ध त्याने स्लाव्ह घराण्यातला मेरान बचाव निवडला. तिसरा आणि पाचवा, असे दोन डाव त्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकले. क्रामनिकला कोरडे, नियंत्रित डाव आवडत. आनंदने त्याला प्याद्याची लालूच दाखवून अशा गोंधळात ओढले, जिथे घरची तयारी सगळी आनंदची होती. २०१० मध्ये सोफियात टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात आनंद ग्रुनफेल्ड खेळला आणि तीस चालींत हरला. गुण बरोबरीत असताना बारावा, शेवटचा डाव पुन्हा काळ्या मोहऱ्यांनी आला. तेव्हा त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या लास्करचा बचाव काढला: डी५, ई६, मग घोडा ई४वर आणून मोहऱ्यांची अदलाबदल. त्या बचावात दिपवणारे काही नाही. टोपालोव्हला जलद टायब्रेक नको होता. बरोबरी टाळण्याच्या नादात त्याने आपल्याच राजासमोरच्या रेषा उघडल्या आणि आनंद जगज्जेता राहिला. खेळाडू एकच, सुरुवात तीच डी४, पण समोरचा माणूस बदलला तसे उत्तर बदलले.

रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये पहिली आशियाई महिला विजेती झाली, प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले, त्या पिढीकडे परदेशी पुस्तके उशिरा आणि थोडीच पोचत. आज फोनवरचे इंजिन निम्झो, स्लाव्ह, ग्रुनफेल्ड, क्वीन्स गॅम्बिट नाकारणे, सगळ्यांपुढे जवळजवळ शून्य दाखवते, म्हणजे बरोबरी. पण तो आकडा त्या स्थितीत कोणाला खेळणे सोपे जाईल हे सांगत नाही. ग्रुनफेल्डमधली बरोबरी टिकवायला वीस चाली पाठ असाव्या लागतात. स्लाव्हमधली बरोबरी सी८चा उंट साखळीबाहेर कधी काढायचा एवढे समजले तरी बरीचशी टिकते. आपले पालक आणि काही शिक्षकही हा फरक लक्षात न घेता आकडा पाहून बचाव निवडतात.

माझे मत स्पष्ट आहे. पहिली तीन-चार वर्षे डी५ आणि ई६. सी८चा उंट कोंडतो, हे खरे, आणि तो मोकळा करायला शिकणे हेच या बचावाचे शिक्षण आहे. पांढऱ्याने डी५वर अदलाबदल केली की बी४-बी५ करत दोन प्याद्यांनी तीन प्याद्यांवर चाल येते. काळ्याने ती सोसायची आणि घोडा ई४वर बसवून राजाच्या बाजूला उत्तर द्यायचे. निम्झो त्यानंतर, किंग्ज इंडियन ज्याला स्वभावाने मानवेल त्याने. हल्ली क्लबांत आणि ऑनलाइन सारखी समोर येणारी लंडन पद्धतही डी५ खेळणाऱ्याला फार छळत नाही. उंट एफ४वर गेला म्हणजे बी२चे प्यादे उघडे पडते. सी५ आणि वजीर बी६ खेळून त्यावर बोट ठेवता येते.

नागपूर, नाशिक, पुण्यातल्या मुलांना विचारायला कोणीतरी भेटते. विदित गुजराथी आणि अभिजित कुंटे ही त्यांच्याच शहरांतली नावे आहेत. सिल्वासाकडच्या खेरडीसारख्या गावातल्या मराठी मुलाकडे बहुधा फोनच असतो, आणि फोनवरचे बहुतेक शिक्षण इंग्रजी किंवा हिंदीत. त्याच्यासाठी डी५-ई६च्या एका रचनेवर तीसेक डाव घेऊन, प्रत्येक चालीमागचा हेतू साध्या मराठीत उलगडणारे पुस्तक हवे. त्यात चालींच्या फांद्या कमी असाव्यात, आणि हरलेले डावही असावेत, काळ्याने कुठे घाई केली हे दाखवणारे.